तळ्याचा जबडा

शिडीवरून पडायला फार उंची लागत नाही. दादा आपल्याच कुलपांच्या दुकानात खालून तिसऱ्या पायरीवरून पडला, आणि पायाचं हाड मोडायचं ते मोडलंच. वहिनी धावतपळत दवाखान्यात पोचली तोवर त्याचा पाय गुडघ्यापर्यंत पांढऱ्याशुभ्र प्लास्टरात गेला होता. तिने आधी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मग प्लास्टरवर टिचकी मारून बघितली.

"घाईत घातलंय," ती म्हणाली. "आत बुडबुडे राहिलेत."

हा तिच्या धंद्याचा गुण. वहिनी कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे ओतायचे, त्यांवर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायच्या, एकेक दात बसवायचा. प्लास्टर तिच्या नखांत असायचं, भुवयांत असायचं, कधीकधी चहातही सापडायचं.

"प्लास्टरचं सोड गं," दादा कण्हत म्हणाला. "स्पर्धेचं काय?"

शहराबाहेर जे मोठं तळं आहे, त्यावर दरवर्षी उन्हाळा सरता सरता गळवाल्या मंडळाची स्पर्धा होते. एका होडीत दोघं, सकाळपासून दुपारपर्यंत जे कार्प मासे गळाला लागतील त्यांचं वजन करायचं आणि त्यांना पुन्हा पाण्यात सोडायचं. दादा त्या स्पर्धेसाठी वर्षभर जगायचा. होडीत दुसरी असायची वहिनी. तिने इतकी वर्षं वल्ही मारली, आमिष मळलं, मोठा मासा वर आला की जाळं पुढे केलं. पण थांबायचं कुठं, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. ते दादाच्या अखत्यारीतलं. आणि दादा कधी जिंकला नव्हता, हेही खरं. चषक मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी असा ठाण मांडून बसला होता की त्यांची बायको त्यात घराच्या जादा किल्ल्या ठेवायची.

"नाव काढून घ्यायला सांगतो," दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"का म्हणून?" हे बोलली ती दादाची धाकटी बहीण. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊंच्या शेजारी बसून तिच्या पायाखाली कायम एक जादा ब्रेक असायचा, त्यामुळे सगळे तिला ब्रेकताई म्हणायचे. घरी सोफ्यावर बसली तरी कुणी भसकन बोललं की तिचा उजवा पाय जमिनीत दाबला जायचा. "होडी आहे. वहिनी आहे. मी आहे. माघार कसली?"

"तुला गळ टाकता येत नाही."

"तुला येतो, पण चालता येत नाही. दोघांपैकी वहिनीच्या उपयोगाचं कोण ते बघ."

दादाने वहिनीकडे पाहिलं. ती नको म्हणेल अशी त्याची खात्री होती.

"जाऊ आम्ही," वहिनी म्हणाली. आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं.

अडचण एवढीच होती की त्या वर्षी तळं ओळखू येत नव्हतं. तळं अडवणाऱ्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी पाणीखात्याने बरंच पाणी सोडून दिलं होतं. पातळी चांगली दोन पुरुष खाली गेलेली. दादाच्या सगळ्या हुकमी जागांवर आता गवत उगवलं होतं आणि त्यावर लोकांची कुत्री फिरत होती. मासे होते, पण ते गेले कुठं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अध्यक्षांनासुद्धा नाही, असं ब्रेकताई खुशीत येऊन सांगायची.

"म्हणजे यंदा सगळेच आंधळे," ती म्हणाली. "ज्याच्याकडे पाण्याच्या खोलीचा नकाशा तो राजा. आणू या की एक."

दोघींना वाटलं, नकाशा म्हणजे काय, दुकानातून उचलला की झालं. गळाचं सामान विकणाऱ्या दुकानात होताच तो, गुळगुळीत, पाण्याने न भिजणारा, उथळ ते खोल अशा निळ्या छटांनी नटलेला. ब्रेकताईने फोनवरही एक उतरवून घेतला. त्यात बोट ठेवाल तिथला आकडा दिसायचा. आणि धक्क्यावर सहलीला येणाऱ्यांसाठी लावलेला एक फलक होता, त्याचा तिने फोटो काढला. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिन्ही शेजारी शेजारी मांडले आणि दोघी वाकून बघायला लागल्या.

"मधल्या बेटाच्या पूर्वेला," वहिनी म्हणाली, "दुकानवाला सांगतो नऊ मीटर."

"फोन म्हणतो पाच."

"आणि फलकावर तिथे बदकाचं चित्र आहे."

आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला, "नकाशे बघून मासे सापडले असते तर टपालवाले श्रीमंत झाले असते!"

"तुम्ही झोपा," वहिनी म्हणाली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दोघी होडी घेऊन गेल्या. एका दोरीला शिशाचं वजन बांधलं, मीटरामीटरावर रंगीत चिंधी बांधली आणि बेटाच्या पूर्वेला सोडली. शिसं तळाला टेकलं तेव्हा तिसरी चिंधी नुकती भिजली होती. पुन्हा सोडली. तेच. दुसरीकडे गेल्या तर तिथे फोन बरोबर निघाला आणि दुकान चुकलं. तिसरीकडे दोघंही चुकले. ब्रेकताईचा पाय होडीच्या तळावर सारखा दाबला जात होता.

"तीन नकाशे आणि चौथंच पाणी," ती म्हणाली. "यातला खरा कोणता?"

वहिनीने ओली दोरी मांडीवर गुंडाळली. दुकानाचा नकाशा तिने उलटापालटा करून पाहिला. पुढून पाहिला, मागून पाहिला.

"ह्याच्यावर तारीख कुठंय?" तिने विचारलं.

"नकाशाला तारीख कशाला लागते? तळं काय शिळं होतंय?"

"होतं की. तारीख नसलेला साचा आमच्याकडे कुणी हातात धरत नाही. माणसाच्या हिरड्या आटतात, जबडा बदलतो. जुन्या मापावर कवळी केली तर ती बोलताना बाहेर पडते. हे कधी मोजलं, कुणी मोजलं, पाणी तेव्हा कुठवर होतं, काहीच लिहिलेलं नाही. नुसता निळा रंग दिलाय झकपक."

परतताना त्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदार भला माणूस होता, लपवाछपवी त्याला जमायची नाही. नकाशा त्याच्या साडूने काढलेला, दुसऱ्या एका नकाशावरून. तो दुसरा कशावरून काढला ते साडूलाही माहीत नव्हतं. "पण छान दिसतो म्हणून लोक भिंतीवर लावतात," तो म्हणाला. फोनवाल्या नकाशाचं कोडं ब्रेकताईने स्वतः उलगडलं. बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढल्यावर कळलं की ज्या होड्यांवर खोली मोजायचं यंत्र असतं, त्यांचे आकडे गोळा करून तो बनतो. जिथे खूप होड्या जातात तिथे तो खरा. जिथे कुणी जात नाही तिथे मधली जागा तो आपल्या अंदाजाने भरून टाकतो, आणि भरलेली जागाही तशाच ठाम रंगात दाखवतो.

"म्हणजे माझ्या एका शिकाऊसारखा," ब्रेकताई म्हणाली. "रस्ता माहीत नसला की वेग वाढवतो."

मग मोजलं कुणी असेल? तळं ज्यांचं, त्यांनीच. वहिनीने अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि दोघी पाणीखात्याच्या कचेरीत जाऊन धडकल्या. खाली खिडकीवरच्या गृहस्थांनी सवयीने विचारलं, "नळाला पाणी येत नाही का?" नाही म्हटल्यावर ते गोंधळले. तळ्याच्या तळाचा नकाशा हवाय म्हटल्यावर आणखी गोंधळले, आणि दोघींना वरच्या मजल्यावर मोजणीवाल्या बाईंकडे पाठवून मोकळे झाले.

मोजणीवाल्या बाई उभ्यानेच डबा खात होत्या. वहिनीने येण्याचं कारण सांगितलं, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"तुम्हाला आमची गाळाची मोजणी हवीये?"

"दाखवता येत नसेल तर..."

"अहो, येत नसेल काय! ती सगळ्यांसाठी खुली आहे. दुरुस्तीच्या आधी तळाशी गाळ किती साठला ते बघायला आम्ही सबंध तळं होडीने पिंजून काढलं, जमीन नांगरावी तसं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. तेव्हापासून कुणी मागायला आलेलं नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि दोघींच्या खांद्यांमधून वाकून संगणकावर ती मोजणी उघडली.

पडद्यावर रंग नव्हता. नुसत्या काळ्या रेषा, बोटांच्या ठशासारख्या, आणि आकडे. कोपऱ्यात मात्र सगळं होतं. कुठल्या महिन्यात मोजलं, कशाने मोजलं, कुणी मोजलं. वहिनीने ते वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"एक ध्यानात ठेवा," मोजणीवाल्या बाई म्हणाल्या. "हे सगळे आकडे तळं काठोकाठ भरलं असताना किती खोल, असे आहेत. भिंतीजवळच्या मनोऱ्यावर मोजपट्टी रंगवली आहे. पाणी जितकं खाली असेल, तितकं प्रत्येक आकड्यातून वजा करायचं. लोक तेवढंच विसरतात आणि मग आम्हाला नावं ठेवतात."

"आणि ह्या तुटक रेषा?" ब्रेकताईने बोट ठेवलं. तळ्याच्या दोन मोठ्या डोहांच्या मधोमध रेषा तुटक तुटक झाल्या होत्या.

"तिथे पाणवनस्पती माजल्या होत्या. होडी आत जाईना. तिथलं आम्हाला माहीत नाही, म्हणून तुटक काढलंय."

वहिनीला ती बाई एकदम आवडून गेली. माहीत नाही ते माहीत नाही असं लिहून ठेवणारा नकाशा तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

छापील प्रत घेऊन दोघी थेट तळ्यावर गेल्या. मोजपट्टी पाहिली, वजाबाकी केली, शिसं सोडलं. दोरी बोलली ते आकड्याशी जुळलं. दुसरीकडे सोडलं, जुळलं. बेटाच्या पूर्वेला जुळलं, काठाजवळ जुळलं. ब्रेकताईने होडीतच अशी उडी मारली की दोघी जलसमाधी घेता घेता वाचल्या. राहिला तो तुटक रेषांचा पट्टा. पाणी सोडलं तेव्हा तिथल्या वनस्पती वाहून गेल्या होत्या आणि होडी आत शिरत होती. तिथे खात्याच्या वाटणीचं काम त्या दोघींनी केलं. एक वल्ही मारायची, दुसरी दोरी सोडायची आणि आकडा ओरडायची. हात सोलवटले, माना जळल्या, आणि दोघींत एकदा कडाक्याचं भांडणही झालं, कारण ब्रेकताई होडीला गाडीसारखी वळवू पाहायची. पण पुढच्या सुट्टीपर्यंत त्या तुटक रेषांच्या जागी त्यांच्या स्वतःच्या रेषा आल्या.

आता ह्या रेषा वाचायच्या कशा? ब्रेकताईला त्यात काही दिसेना. वहिनीला दिसत होतं, पण नीट नाही. तिच्या हाताला उंचसखल लागल्याशिवाय तिला काही कळायचं नाही. काम सुटल्यावर तिने मालकांची परवानगी काढली आणि प्रयोगशाळेतच बसली. पुठ्ठ्याचे थर रेषेरेषेने कापले, एकावर एक चिकटवले, वर प्लास्टर ओतलं, थरथरत्या टेबलावर ठेवून त्यातले बुडबुडे काढले, आणि मेण कोरायच्या हत्याराने सगळे उतार गुळगुळीत केले. वाळल्यावर वरून रोगण दिलं.

मालक जाता जाता थांबले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी टेबलावरची ती पांढरी वस्तू निरखली.

"हा कुणाचा जबडा?" त्यांनी काळजीने विचारलं.

"तळ्याचा," वहिनी म्हणाली.

घरी तो जबडा जेवणाच्या टेबलावर आला. दादाही कुबड्या टेकत आला, नाक मुरडायची तयारी करूनच. वहिनीने निळं पाणी केलं आणि हळूहळू ओतायला लागली. पाणी खोल जागा भरत वर चढलं. आजच्या पातळीची खूण तिने आतून केली होती, तिथे ती थांबली. दादा पुढे वाकला. एरवी एकसंध दिसणारं तळं आता दोन डोहांत वाटलं गेलं होतं, आणि त्या दोन डोहांना जोडत होती एकच अरुंद घळ. दोन्ही बाजूंना उथळ पठार, मध्ये खोल चिंचोळी वाट. ती त्याच तुटक रेषांच्या पट्ट्यात होती.

"मासे रात्री ह्या अलीकडच्या डोहाच्या उथळ काठाला चरायला येत असतील," वहिनी बोटाने दाखवत म्हणाली. "ऊन चढलं की तिकडच्या मोठ्या डोहात जात असतील. आणि जायला दुसरा खोल रस्ताच नाही."

दादाने त्या घळीत बोट घातलं. नखाला निळं पाणी लागलं.

"इथल्या पाणवनस्पतींच्या कडेने तर आपण नेहमी घरी येतो," तो म्हणाला. "इतकी वर्षं. मी इथे एकदाही थांबलो नाही." मग त्याने बायकोकडे पाहिलं. "तू थांब इथे."

स्पर्धेच्या दिवशी सगळ्या होड्या धक्क्यावरून निघाल्या आणि भिंतीजवळच्या खोल पाण्याकडे वळल्या. अध्यक्षांची होडी सर्वांत पुढे होती. तिला गादीच्या खुर्च्या होत्या. दोघी मात्र भलतीकडेच, भर तळ्यात, जिथे काठ नाही, झाड नाही, काही खूण नाही अशा ठिकाणी जाऊन थांबल्या.

"वहिनी, वाट चुकलात की काय?" अध्यक्ष जाता जाता ओरडले. बाकीचे हसले.

"नाही हो, सापडलीये!" ब्रेकताईने ओरडून उत्तर दिलं.

ते उत्तर बराच वेळ पोकळच ठरलं. ऊन चढलं. गळ पाण्यात, दोघी होडीत, आणि मासा कुठेच नाही. भिंतीकडून मधूनच कुणाचा तरी जल्लोष ऐकू यायचा. धक्क्यावर दादा खुर्ची टाकून दुर्बिणीला डोळे लावून बसला होता, आणि तो आता डोक्याला हात लावतोय हे इथूनही कळत होतं.

"वहिनी, जाऊ या तिकडे," ब्रेकताई म्हणाली. "तिकडे निदान काहीतरी लागतंय."

वहिनीने एकदा भिंतीकडे पाहिलं. सगळं एका प्लास्टरच्या तुकड्यावर लावलं होतं तिने. पण धीर सुटला म्हणून कवळीचं माप बदलत नाही. तिने शिशाची दोरी उचलली आणि होडीखाली सोडली. दुसरी चिंधी भिजायच्या आत शिसं टेकलं.

"अगं, आपण घळीत नाहीच आहोत!" ती ओरडली. "वाऱ्याने नांगर घसरलाय. आपण पठारावर बसलोय!"

मग काय, दोघींनी वल्ही अशी मारली की पाणी अंगावर आलं. वहिनी दोरी सोडत होती, ओढत होती, पुन्हा सोडत होती. दोन चिंध्या. अडीच. आणि मग शिसं जे गेलं ते जातच राहिलं. "इथे! इथेच!" वहिनी ओरडली. ब्रेकताईने पाय दाबला. होडी थांबायची ती काही थांबली नाही, पण ह्यावेळी तिने पुढे आणि मागे दोन्हीकडे नांगर टाकले. वहिनीने घळीच्या काठाला, पठार संपून उतार सुरू होतो त्या धारेवर, गळ सोडला.

गळ तळाला पोचतो न पोचतो तोच गळाची काठी वाकली.

पहिला मासा जाळ्यात आला तेव्हा दोघींना खरंच वाटेना. दुसरा ब्रेकताईने लावला, आयुष्यातला पहिला, आणि तो बाहेर येईपर्यंत ती त्याला "हळू, हळू, डावीकडे घे" असं सांगत होती. मग जणू दार उघडलं. एकामागून एक, जाडजूड, पितळेसारखे चकाकणारे मासे त्या चिंचोळ्या वाटेने निघाले होते आणि वाटेत ह्या दोघी बसल्या होत्या. आमिष मळायला उसंत मिळेना. मासे वजनापर्यंत जिवंत ठेवायची पाण्यातली मोठी जाळीची पिशवी जड होऊन होडी एका बाजूला कलली.

आणि मग वहिनीची काठी वाकली, ती सरळच होईना. गळाची दोरी चरखीवरून किंचाळत सुटली.

"धर, वहिनी! सोडू नकोस!"

"ओढायचं नाही," वहिनी दातओठ खात म्हणाली, "नुसतं धरायचं." तिने त्याला डोहाकडे जाऊ दिलं, परत आणलं, पुन्हा जाऊ दिलं. घळीची वळणं तिच्या बोटांना पाठ होती. तिनेच ती कोरली होती. कुठल्या कडेला दोरी घासेल आणि कुठल्या बाजूने तो मोकळा वर येईल, हे तिला पाणी न बघता कळत होतं. दंड भरून आले, घाम डोळ्यांत गेला. शेवटी पाण्याखालून एक सोनेरी पाठ वळली, सावकाश, एखादं जड दार वळावं तशी. ब्रेकताईने जाळं पुढे केलं. मासा त्यात मावेना. दोघींनी मिळून, हसत, रडत, एकमेकींच्या पायांवर पाय देत तो आत घेतला.

वजनाच्या काट्यावर मासे चढायला लागले तेव्हा धक्क्यावरची गर्दी वाढत गेली. अध्यक्षांचं वजन चांगलं होतं, दरवर्षीसारखंच. दोघींचं त्याच्या दुपटीला टेकलं, आणि वजन करणाऱ्याने शेवटचा मासा ठेवल्यावर काट्याकडे दोनदा बघितलं. मंडळाच्या आजवरच्या सगळ्या माशांत तो मोठा होता. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. दादा एका कुबडीवर उभा राहून दुसरी हवेत फिरवत होता. "माझी बायको!" तो मिळेल त्याला सांगत होता. "माझी बहीण! माझी बायको!"

अध्यक्ष जवळ आले. तोंड पडलेलं होतं, पण माणूस दिलदार. त्यांनी हात पुढे केला.

"वहिनी, तिथे आहे तरी काय?"

"उद्या प्रयोगशाळेत या, दाखवते," ती म्हणाली. "खोलीचा नकाशा सगळ्यांना मिळतो. पाणीखात्यात वरच्या मजल्यावर एक बाई आहेत, त्यांना फार आनंद होईल."

मग तिने चपला काढल्या आणि तो सर्वांत मोठा मासा दोन्ही हातांवर घेऊन काठच्या पाण्यात उतरली. लोक काठाशी सरकले. तिने त्याला पाण्यात धरून ठेवलं, त्याचे कल्ले संथपणे उघडमीट करायला लागेपर्यंत. मग हात सैल केले. तो क्षणभर तसाच तिच्या बोटांत राहिला, मग शेपटीच्या एका तडाख्याने तिला केसांपासून पायांपर्यंत भिजवून खोल पाण्याकडे निघून गेला.

काठावर पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनी कमरेइतक्या पाण्यात उभी होती, नखशिखांत ओली, आणि मोठमोठ्याने हसत होती.